माजरीहून सुखदेवच्या दगडापर्यंत

“जायाचं,” माय म्हणाली आणि हातातलं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मायचं ‘जायाचं’ म्हणजे मुहूर्त नाही की चर्चा नाही, गाडी कितीची एवढंच विचारायचं. शहाऐंशीचा फेब्रुवारी होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते आणि नशिबानं थोडी रजा शिल्लक होती. हल्ली आलापल्ली-भामरागडकडं फिरायला जाणारे मला वाटा विचारतात, म्हणून हे लिहायला बसले आहे. वाटा सांगतेच. पण मी त्या वाटेनं का गेले, ते आधी सांगते.

सुखदेव माझा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर गेला. घरी तार आली, पुढं त्याची ट्रंक आली, तो आला नाही. महिन्याभरानं एक आंतरदेशीय पत्र आलं. त्याच्या पलटणीतल्या जोगा नावाच्या सोबत्याचं होतं. जोगा भामरागडकडचा माडिया आदिवासी. भरती झाला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. मराठी लिहायला त्याला सुखदेवनंच शिकवलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं होतं की सुखदेवचं डोकं माझ्या मांडीवर होतं, त्यानं पाणी मागितलं आणि मी माझ्या हातानं पाजलं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्र मी वाचून दाखवलं आणि मग दर वर्षी त्याच्या दिवशी वाचत राहिले. धम्म घेतल्यावर आमच्या घरातले नवस, पितर, अंगारे-धुपारे सगळं गेलं. पण मरताना माणसाच्या तोंडात पाणी पडलं की नाही, ही एक गोष्ट मायच्या मनातून गेली नाही. कोणी सांत्वनाला आलं की ती म्हणायची, “माह्या पोराच्या तोंडात पानी पडलं, बाई.” पुढं रडायची नाही. त्या एका घोटावर तिनं चौदा वर्षं काढली.

आमच्या शाळेतले एक गुरुजी बदलीवर तिकडं गेले होते. सुट्टीत आले तेव्हा त्यांनी सांगितलं की तिकडं एका माडिया गावात गेलेल्या माणसांच्या नावानं वेशीबाहेर दगड उभे करतात, आणि त्यातला एक आमच्या माजरीच्या सुखदेवचा आहे. उभा करणारा जोगा. हे ऐकलं आणि माय म्हणाली, “जायाचं.”

पहिल्या दिवशी माजरीहून सकाळच्या पॅसेंजरनं चंद्रपूर गाठलं. तिथून एस.टी. सोबत भाकरी, जवसाची चटणी आणि जोगासाठी घेतलेलं नवं धोतर. बल्लारपूरला कागद कारखान्याचा तो ओळखीचा उग्र वास आला तशी मायनं पदर नाकाला लावला, तो गोंडपिपरीपर्यंत काढला नाही. तिकिटाला फार पडत नव्हतं, पण सुटे पैसे जवळ ठेवा. हा सल्ला आजही लागू आहे. कंडक्टर बोलका होता.

“कुठी चालल्या बाई एवढ्या दूर?”

“पोराले भेटाले,” माय म्हणाली.

“नोकरीवर हाये का तिकडं?”

“हव. लष्करात.”

मी खिडकीबाहेर पाहू लागले. मायला दुरुस्त करणं ही माझी खोड आहे, त्या वेळी ती आवरली.

आष्टीला वैनगंगा ओलांडली की शेतं विरळ होतात आणि सागवान सुरू होतो. फेब्रुवारीत पानं गळालेली असतात, त्यामुळे जंगल फोटोतल्यासारखं हिरवंगार दिसेल ही आशा सोडून जा. पण ते उंच, उघडे सरळसोट बुंधे पाहिले की बसमधली बडबड आपोआप कमी होते. आलापल्लीला लाकडाच्या डेपोसमोर उतरलो. आलुबोंडा आणि तिखटजाळ रस्सा खाल्ला, आणि गुरुजींच्या ओळखीच्या एका घरी मुक्काम केला. लॉजबिज तेव्हा नव्हतंच.

दुसऱ्या दिवशीची भामरागडची बस म्हणजे बस कमी आणि धूळ जास्त. नाल्यांवर पूल नव्हते. बस नाल्यात उतरायची, आम्ही सगळे खाली उतरायचो आणि रिकामी बस पलीकडं चढली की धावत जाऊन पुन्हा बसायचो. पावसाळ्यात तो रस्ता महिनोन्‌महिने बंद असायचा. हेमलकशाच्या दवाखान्यात निघालेली एक तापानं फणफणलेली बाई आमच्या शेजारी होती. मायनं तिचं डोकं रस्ताभर आपल्या खांद्यावर धरलं. आम्हाला हेमलकशाच्या बरंच अलीकडं उतरायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते पाहायला जायचं ठिकाण नाही.

गुरुजींचा निरोप आधीच पोचला होता. रस्त्याच्या कडेला जोगा उभा होता. काळा, काटक, पस्तिशीचा माणूस, अंगात जुना खाकी सदरा. तो वाकून पाया पडू लागला तर मायनं त्याला धरलं. धोतर त्याच्या हातात दिलं. मग त्याचे दोन्ही पंजे उलटे करून तळवे पाहिले आणि म्हणाली, “याच हातानं पाजलं ना रे, बाप्पा?” आणि ते तळवे तिनं आपल्या डोळ्यांना लावले.

जोगानं हात सोडवून घेतले. लाजला असेल, असं मला वाटलं.

त्याच्या घरी आम्हाला भात आणि अंबाडीची भाजी मिळाली, वर कोरा चहा. दूध नव्हतं, गाईचं दूध वासराचं, ते माणसानं कशाला प्यावं, असा तिथला साधा हिशेब. मायला तो फार पटला. ती जोगाच्या बायकोशी बोलत बसली. एकीला गोंडी येत नव्हती, दुसरीला मराठी जेमतेम, पण दोघींचं अजिबात अडलं नाही. मी ऊन उतरल्यावर नाल्यावर हातपाय धुवायला गेले. जोगा मागून आला आणि लांबच उभा राहिला.

“बाई, एक बोलाचं होतं. मी त्याले पानी नाई पाजलं.”

मला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. पत्रातलं सगळं खोटं होतं. मांडी खोटी आणि पाणीही खोटं.

“मंग लिहिलं काऊन?” मीही माझी शाळेतली भाषा विसरले.

“मले वाटलं, घरी माय हाये. तिले काय लिवू?”

मी त्याला हात जोडले. म्हटलं, भाऊ, लिहिलंत ते लिहिलंत, आता निस्तरायला जाऊ नका. उद्या दगडापाशी गप्प उभे राहा. तिला त्या एका घोटावर जगू द्या. त्यानं मान डोलावली. मी निर्धास्त झाले. आपण एखादी गोष्ट नीट मिटवली असं मला वाटतं, तेव्हा हमखास काहीतरी राहून गेलेलं असतं.

सकाळी दगडांकडं गेलो. गावाबाहेर, मोहाच्या झाडांखाली माणसाच्या छातीएवढे दगड रांगेनं उभे होते. न घडवलेले, नदीतून आणलेले. एक जरा बाजूला होता. जोगानं सांगितलं, “तो आपल्या कुळाचा नाई, त्याचा दगड इथी कसा, असं गावानं इचारलं. मी म्हन्लं, माहा भाऊ हाये. मंग गाव म्हन्ला, ठीक हाये, पन थोडा इकडं लाव.” आठ जणांनी तो दगड खांद्यावर वाहून आणला होता. आमच्या माजरीत सुखदेवच्या नावाची एक पाटीसुद्धा नव्हती.

मायनं मेणबत्ती लावली. आम्ही दोघींनी त्रिसरण म्हटलं. जोगा मागं हात बांधून उभा होता. मायनं दगडावर हात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मला वाटलं, आता सुखरूप घरी जाऊ.

तेवढ्यात ती वळली. “जोगा, एकडाव मले सांग बरं. पानी कशानं पाजलं? पेल्यानं का बाटलीनं? किती पेला तो?”

दोन शब्दांचं काम होतं. ‘बाटलीनं, माय.’ एवढंच म्हणायचं होतं. जोगानं मायकडं पाहिलं, मग दगडाकडं पाहिलं. मी डोळ्यांनी त्याला नको-नको म्हणत होते.

“नाई पाजलं, माय,” तो म्हणाला. “सकाळी बांधावर त्याले गोळी लागली. तिकडं आपल्यासारकेच धानाचे बांध हायेत. तो म्हन्ला, पानी दे. माही बाटली खाली होती. मी म्हन्लं, थांब, आनतो. तेवढ्यात आर्डर झाला, पुढं चला. मी पुढं गेलो. दुपारी आलो तवा तो बांधाले पाठ लावून बसला होता. गेला होता.”

“कोनी नोतं त्याच्यापाशी?”

“कोनी नोतं.”

माय खाली बसली. मेणबत्ती संपली आणि तरी ती बसलेली होती. रडली नाही.  मी मनातल्या मनात जोगाला नको नको ते बोलले. चौदा वर्षं खोटं सांभाळलंस, अजून एक सकाळ सांभाळायला काय झालं होतं? पण त्या दगडापुढं उभं राहून मला तरी ते बोलता आलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. ते खूप पुढं विचारलं.

परतीची बस दुपारी होती. जोगानं आमची पिशवी रस्त्यापर्यंत आणली. मायनं त्याच्या हातून ती घेतली, बसमध्ये चढली आणि मागं वळून पाहिलं नाही. तो धुरळ्यात उभा राहिलेला मला शेवटपर्यंत दिसत होता. आलापल्लीपर्यंत, चंद्रपूरपर्यंत, माजरीपर्यंत माय बोलली नाही. भाकरीही मीच खाल्ली.

तर, जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते मार्च हे दिवस बरे. आता रस्ता डांबरी आहे, नाल्यांवर पूल झालेत, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी भामरागडला नद्यांच्या संगमावर उभा राहतो. रस्त्याकडेला उभे दगड दिसले तर गाडी थांबवा, पण त्यांना टेकून फोटो काढू नका. प्रत्येक दगडाला नाव आहे, फक्त ते लिहिलेलं नाही. माझ्यापाशी त्या प्रवासातलं काय राहिलं, असं विचाराल तर जंगल नाही राहिलं. जोगाचा आलेला रागही राहिला नाही. राहिली ती पुढची एक दुपार.

घरी आल्यावर तीन-चार आठवडे माय तशीच होती. कामं करायची, जेवायची, पण शेजारीण आली तरी ते पाण्याचं वाक्य तिच्या तोंडातून निघेना. मी जोगाला शिव्या देत शाळेत जायची आणि शिव्या देत परत यायची. मग एका रविवारी दुपारी ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कागद घे. जोगाले लिवाचं हाये.”

मी वहीतला कागद फाडून घेतला. आता त्याची खरडपट्टी निघणार, आणि लिहिणार मी. ती सांगू लागली.

“लिही. जोगा, तू सांगतलं ते बरं केलं का वाईट केलं, मले अजून समजत नाई. पन एक गोष्ट मी तिथी इचारली नाई. सकाळी तुही बाटली खाली होती म्हन्ला तू. मंग त्या दिवशी तुले पानी कवा भेटलं? तुले कोनी देलं का रे?”

मी लिहायची थांबले. इतक्या वर्षांत हे कोणी त्याला विचारलं नसणार. मीही विचारलं नव्हतं.

“काऊन थांबली? लिही,” माय म्हणाली. तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. “लिही, मोहाचा हंगाम सरला का इकडं येजो. माजरी टेसनावर उतरजो. सुखदेवच्या मायचं घर कोनीबी दाखवते.”