फ्लेक्सवर न मावलेली विमल

अकोल्याला मुलीकडे राहून परतले, मोताळ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि समोरच्या रसवंतीवर टांगलेला फ्लेक्स वाचला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. आयुष्य रुग्णसेवेला वाहिलेल्या सेवाभावी परिचारिका कै. विमलबाई.' असेल कोणी बिचारी, म्हणून मी पुढे निघाले होते. मग फोटोकडे लक्ष गेलं... डोक्यावर पदर, कम्प्युटरवर पांढरी केलेली साडी आणि त्या साडीत माझी विमल. पहिलीपासून शाळेच्या एकाच बसकरपट्टीवर माझ्या शेजारी बसलेली विमल! तिच्या पुतण्यानं, संतोषनं, मला साधा फोन केला नव्हता. का केला नव्हता, ते त्या फ्लेक्सवरच लिहिलेलं होतं. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि दीड महिना होत आला तरी तो उतरलेला नाही.

कारण विमल परिचारिका नव्हती. ती डान्स बारमध्ये नाचायची, पनवेलच्या बाजूला. नवऱ्यानं टाकलं, माहेरी भावाच्या भाकरीवर किती दिवस राहायचं, म्हणून वडनेरच्या एका ओळखीच्या बाईबरोबर ती गेली. भावानं गावात सांगितलं, 'बहीण मुंबईले दवाखान्यात लागली.' गावानं मान डोलावली. ती दिवाळीला आली की ओसरीवर दवाखानाच भरायचा. कोणाचं पोर तापलेलं, कोणाचं बोट पिकलेलं. एकदा शेजारची म्हातारी औषधाची बाटली आणि सुई घेऊनच आली आणि थेट बाजेवर पालथी पडली. विमल मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "मावशी, सरकारचा नवा कायदा निंगला. सुट्टीवर असलं का नर्सनं सुईले हात नाई लावाचा." म्हातारी सरकारला शिव्या घालत उठली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो. हसता हसता विमल एकदम थांबली. "तिकडे नाचतो तवा मी काईच खोटं नाई बोलत वो," ती म्हणाली. "घरी आली का खोटं सुरू."

तिच्या नाचण्यावर भावाचं पत्र्याचं घर स्लॅबचं झालं, संतोष शिकला, त्याचं हार्डवेअरचं दुकान उभं राहिलं. मग बार बंद झाले. संस्कृती वाचली म्हणे! बाया वाचल्या का, हे कोणी विचारलं नाही. विमलच्या बरोबरच्या काही गावी परतल्या, काही कुठे गेल्या त्याचा पत्ताच लागला नाही. पुढे कोर्टानं परवानगी दिली, पण अटी अशा की दारं उघडली तरी पाय ठेवायला जागा नाही. ऑर्केस्ट्राच्या नावाखाली पोरी हातात माइक धरून नुसत्या उभ्या राहू लागल्या. विमल तोवर चाळिशी ओलांडलेली. ती जत्रांमधल्या नाचगाण्याच्या पार्टीबरोबर फिरली, तर तिथे डीजे आला. उरलंसुरलं लॉकडाऊननं संपवलं. आता तोच नाच मोबाइलवर लाइव्ह चालतो आणि बघणारा घरात पांघरुणात तोंड घालून बघतो. विमल म्हणायची, "पैले माणूस समोर राहे. त्याच्या डोयात डोये घालून त्याले जागेवर बसोता ये. आता या पोरीईनं कोनाच्या डोयात पाहाव?" आणि ज्यांनी बार बंद झाले म्हणून पेढे वाटले, तेच आज पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रीलवाली नाचणारी आणतात आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून शिट्ट्या मारतात. त्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही कोण म्हणून. करून सवरून नामानिराळे!

शेवटच्या वर्षात साखरेनं तिचे पाय गेले. तरी ती रिक्षा करून माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसायची. एका दुपारी म्हणाली, "मी मेली का संतोष मले पक्की नर्स करते पाह्य. तू होऊ नको देऊ."

"मेल्यावर तुले काय फरक पडते वो?" मी म्हटलं.

"मले नाई पडत. पन मी ज्याईच्या संग नाचली, त्याईले पडते. मी नर्स झाली, तं त्या कोन झाल्या?"



तेरवीला गेले. एका गृहस्थानं उभं राहून विमलच्या रुग्णसेवेवर भाषण केलं. किती रात्री तिनं म्हणे रुग्णांच्या उशाशी जागून काढल्या! मांडवातल्या निम्म्या लोकांना खरं ठाऊक होतं आणि सगळे माना हलवत होते. मी संतोषला बाजूला घेऊन विचारलं, हे काय चालवलंस? तो म्हणाला, "मावशी, ऋतुजाचं जमून राह्यलं. चिखलीचे पाव्हणे हायेत, चांगले लोक हायेत. आता काऊन काढता ते?" पोरीचा बाप तो, त्याची भीती मला कळत नाही असं नाही. पण जिनं घर दिलं तिलाच त्या घरात खोटं नाव? मी जेवणाच्या पानाला हात लावला नाही, तशीच घरी आले.

ब्लाउज अंगावर चढला की मी गिऱ्हाइकाला हात वर करायला लावते आणि एक गिरकी घ्यायला सांगते. ही खोड मला विमलनं लावली. "हात खाली ठेवून कायचं माप घेतं? बाई म्हंजे का पुतया हाये?" असं म्हणून तिनंच पहिल्यांदा माझ्या आरशासमोर गिरकी घेतली होती. परवा संतोषची बायको मंदा ऋतुजाला घेऊन साखरपुड्याच्या ब्लाउजसाठी आली. मी सवयीनं म्हटलं, हात वर कर, फिर. पोरगी फिरली... आणि मंदाच्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई अशाच..." पुढचं तिनं गिळलं.

ऋतुजा थांबली. "आई, विमलआजी खरंच नर्स होती का?"

मंदानं दाराकडे पाहिलं. "नाचे ते. बारमंधी. पन बाहेर बोलू नको."

पोरीनं वर केलेले हात सावकाश खाली आणले. मला वाटलं, आता रडते. तर ती माझ्याकडे वळली. "आजी, तुमी पेपरच्या पुरवनीत लिहिता ना? लिहा. चिखलीच्या लोकाईले मीच वाचाले देतो. लग्न झाल्यावर समजन्यापरीस आता समजू द्या." मंदा स्टुलावर बसली, पण 'नको' म्हणाली नाही.

तर चिखलीची मंडळी, वाचा. ज्या घरी तुम्ही पोहे खाल्ले, त्या घरची विमल बारमध्ये नाचायची आणि फार सुंदर नाचायची. तिच्या पायांवर ते घर उभं आहे. पोरगी तिच्यावर गेली आहे. पसंत असेल तर न्या.