साक्ष दिली, गोळी सुटली

"बाई, तुमच्या उजव्या फुफ्फुसाला भोक पडलंय," असं डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीला धरून आईला सांगितलं, तेव्हा त्या दोन माणसांच्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. उरलेले व्हरांड्यात. आमचं ख्रिस्ती कुटुंब इतकं मोठं, की घरातल्या घरात चर्चची मंडळी भरायची आणि पाळकसाहेब पाहुणे म्हणून यायचे.

आजाराचं इंग्रजी नाव पल्मनरी ट्युबरक्युलोसिस. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय.

"सैपाक करता येईल का?" आईनं पहिला प्रश्न हा विचारला.

"बिलकूल नाही. धूर नको, दगदग नको. दीड वर्ष औषध आणि आराम."

आई हसली. "दीड वर्ष आराम? अवं बाई, नऊ बाळंतपणं मिळून दीड महिना न्हाई भेटला मला."

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळातली लाल मिलो, ती अमेरिकेहून आलेली ज्वारी, अजून आमच्या दातांत अडकलेली होती. आई सहा महिने खोकत होती आणि आम्ही सगळे त्याला चुलीचा ठसका म्हणत होतो. संध्याकाळी अंग तापायचं, त्याला दमणूक म्हणत होतो. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा थोरली सून म्हणाली, "मामी, बांगड्या सैल घेतल्या का?" चाळीस माणसांच्या घरात आईकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिनं वाढलेल्या ताटाकडे मात्र सगळे बघायचे.

आधी स्प्युटम तपासला. स्प्युटम म्हणजे खाकरून काढलेला बेडका. तीन दिवस रोज सकाळी डबीत थुंकायचं आणि ती डबी घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचं. त्या बाकावर कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे आपापल्या डबीचं झाकण बघतात.

मग स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं सुरू झाली. सोबत पॅसच्या गोळ्या. एकेक गोळी बैलाच्या डोळ्याएवढी. गिळताना आईचे डोळे गोळीएवढे व्हायचे. ढेकर आली की अख्ख्या आळीला कळायचं.

पण तीन आठवड्यांत ताप गेला. चौथ्या महिन्यात गालावर मांस आलं.

"ताप गेला म्हणजे आजार गेला नाही," डॉक्टरीणबाई दर खेपेला बजावायच्या. "जंतू निजलेत. मेले नाहीत."

हे वाक्य आम्ही चाळीस जणांनी ऐकलं आणि चाळीस जणांनी दवाखान्याच्या फाटकाशी टाकून दिलं. कारण बदनापूरहून याकूबकाका आले होते. हे बाबांचे थोरले भाऊ. ते म्हणाले, "देवानं एवढं केलं अन् तुम्ही उपकारस्तुती करून न्हाई राह्यले? जल्दी करा."

उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानायची सभा. गाणी, प्रार्थना, साक्ष आणि जेवण. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीपुढं उभं राहून सांगणं. अंगणात मांडव पडला. बदनापूरचे आले, तीर्थपुरीचे आले, मी ज्यांना आजही ओळखत नाही असे काही नातेवाईक आले. शंभरावर पानं होती.

त्या शंभर पानांचा स्वयंपाक आईनं केला.

ती आता बरी झाली होती ना! बरी झाली नसती तर उपकारस्तुती कशाला असती? तिच्या हातच्या रश्शाशिवाय आमच्या घरी देवाचेही आभार मानता येत नसत. आयुष्यभर प्रत्येक सभेला ती चुलीपुढंच होती. प्रवचन तिला भिंतीआडून कानावर पडेल तेवढंच.

पाळकसाहेबांनी विचारलं, "साक्ष कोण देतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी दानियल, घरातला दान्या, चौथा मुलगा, वय चोवीस. मोटारस्टँडवर माझ्या गोष्टी ऐकता ऐकता लोकांच्या गाड्या सुटायच्या. एकदा मी मारलेला साप सांगता सांगता एवढा लांबला होता, की ऐकणारे पाय वर घेऊन बसले.

मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्या आईचं फुफ्फुस चाळणी झालं होतं. परवा एक्स-रे काढला तर कोऱ्या पाटीसारखा. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले अन् म्हणाल्या, आता आमचं काम न्हाई. काल आई बदनापूरपर्यंत पायी जाऊन आली. बैलगाडी मागं पडली.

बाया रडल्या. याकूबकाकांनी मला मिठी मारली. परवाचा एक्स-रे काढलाच नव्हता. भिंतीपलीकडे, धुरात, आई पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकत होती. मला ते ऐकू येत होतं. मी आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं गोळ्यांची बाटली काढली. बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते आणि त्यामुळे त्यांना ते ओळखूही येत नव्हतं. ते म्हणाले, "सगुणा, काल साक्ष दिली न्हाई का पोरानं? मंग गोळी कशाची?"

"डाक्टरीण म्हणती, दीड वर्ष..."

"साक्ष देऊन वर सुया टोचून घ्यायच्या? मंडळीला काय तोंड दाखवू? देवाला खोटं पाडायचं का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "दान्या, तू सांग की."

एवढंच म्हणाली. मी दोन शब्द बोललो असतो, "वाढवून सांगितलं," तर बाटली खालीच राहिली असती. मी चहा प्यालो आणि स्टँडवर गेलो. बाबांनी बाटली फळीवर ठेवली, सगळ्यात वर, जिथं आईचा हात पोचत नव्हता.

पाच महिन्यांनी आई भाकरी थापताना खोकली आणि परातीतलं पीठ लाल झालं.

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे खिडकीला धरला. आता दोन्ही बाजूंना भोकं. "औषध कुणी बंद केलं?" या खेपेला खोलीत तिघेच होतो. बाबा भिंतीकडे बघत होते. मी चपलेकडे. आई म्हणाली, "मीच केलं, बाई."

मग रेझिस्टन्स हा शब्द कळला. म्हणजे अर्धवट औषध खाऊन जंतू निर्ढावतात, मग त्या औषधाला दाद देत नाहीत. दुसरं औषध आणलं, कॅनामायसीन. मला ते कानामायसीन असंच ऐकू आलं आणि झालंही तसंच. आईच्या कानांत रातकिडे ओरडायला लागले. मग रातकिडेच तेवढे उरले.

"कान वाचवायचे तर हे थांबवावं लागेल," डॉक्टरीणबाई तिच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. "फुफ्फुस की कान?"

"फुफ्फुस ठिवा," आई म्हणाली. "कानानं आजवर असं काय गोड ऐकवलंय मला?"

बाबा बाहेर जाऊन रडले.

तुमच्या घरी हा आजार निघाला, तर माझं एवढंच सांगणं आहे. ताप गेला तरी गोळी सोडू नका. देवाचे आभार जरूर माना, पण बाटली रिकामी झाल्यावर. आणि बऱ्या झालेल्या बाईला लगेच चुलीपुढं बसवू नका. तसल्या आभारांपेक्षा कृतघ्नपणा बरा.

पुढं सगळी औषधं पुरी झाली. स्प्युटम तीन वेळा कोरा आला. खरोखरचा कोरा, मी कागद स्वतः वाचला. मग पुन्हा उपकारस्तुती ठरली. या खेपेला स्वयंपाक सुनांनी आणि मुलांनी केला. भात करपला. आई पहिल्यांदाच मांडवात, पहिल्या ओळीत, खुर्चीवर बसली. गाणी झाली, प्रार्थना झाल्या, प्रवचन तासभर चाललं. तिच्यापर्यंत त्यातलं अक्षर पोचलं नाही. ती लोकांचे ओठ हलताना बघत राहिली.

पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारलं. मी उभा राहिलो. म्हणालो, मागच्या वेळी मी खोटं बोललो. माझ्या खोट्यापायी आईचं औषध सुटलं. त्यापायी तिचे कान गेले. ती वाचली, याबद्दल देवाचे आणि डॉक्टरीणबाईंचे आभार.

आईनं सगळ्यांचे चेहरे बघितले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. ती म्हणाली, "दान्या, या बारीला किती कोस चालवलं रं मला?"

मी तिच्यापुढं जाऊन रिकामा पंजा हलवला. एकही नाही.

"मंग खरं असंल," आई म्हणाली, आणि करपलेल्या भाताचं ताट पुढं ओढलं.