शेजाऱ्याला न विचारता टांगलेली कप्पी

डेर्क वोल्टरिंकने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचे जमवायला घेतले. गायी विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात त्याचे वर्कशॉप आहे. तिथे चार ट्रॅक्टर उभे आहेत आणि त्यांतले दीड चालतात. हा हिशेब त्याच्या बायकोचा, विलमीनचा. डेर्कच्या मते चारही चालतात, काहींना फक्त वेळ हवा आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. बादलीपेक्षा जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. डेर्कने विचारले, "भरलेली बादली की रिकामी?" विलमीन तेव्हा हसली होती. एप्रिलमध्ये मात्र तिने त्याला गिअरबॉक्सचे झाकण छातीशी धरून चालताना पकडले, आणि त्या संध्याकाळी तिने फोन लावला.

"शनिवारी झुटफेन शहरातून जुनी यंत्रं विकत घेणारा माणूस येतोय," ती म्हणाली. "ट्रॅक्टर, लेथ, सगळं बघून घेऊन जाईल."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून मणका मोडलास का?"

बरीच घासाघीस होऊन तह झाला. निळ्या ट्रॅक्टरचे इंजिन त्याने तिच्या डोळ्यांसमोर, पाठ न वाकवता, बाहेर काढून दाखवायचे. जमले तर वर्कशॉप राहील. नाही जमले तर झुटफेनचा माणूस आपला ट्रक घेऊन येतोच आहे.

डेर्कने विजेची कप्पी मागवली. दिसायला छोटी, पावाच्या लादीएवढी. आत मोटर, ड्रमवर गुंडाळलेली तारेची दोरी, तिच्या टोकाला आकडा; आणि हातात धरायला लोंबता स्विच, त्यावर वर, खाली आणि बंद अशी तीन बटणे. ती बसवायची कुठे, हा प्रश्नच नव्हता. गोठ्याच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली जुनी तुळई आहे. माणसाच्या छातीएवढी रुंद, चुन्याचे थरावर थर चढलेली.

प्रश्न होता तो बसवणार कोण हा, आणि इथे डेर्क चुकला.

आमच्या आख्टरहूक भागातल्या खेड्यांत प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. तो कोण, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. बाळ झाले, कोणी गेले, गाय अडली, छप्पर चढवायचे असले की आधी त्याला सांगायचे. बाकीच्यांना तो बोलावतो. वोल्टरिंकांचा पहिला शेजारी म्हणजे ग्रादुस टे बोकल. त्याचा मळा रस्त्याच्या पलीकडे. डेर्क आजारी असताना याच ग्रादुसने त्याचे गवत कापले, लाकडे फोडली, त्याला इस्पितळात नेले-आणले. डेर्कला संकोच वाटू लागला होता. किती दिवस त्याच माणसाला राबवायचे? म्हणून त्याने शहरातून दोन कामगार बोलावले.

ते गुरुवारी आले. तुळईभोवती लोखंडी पट्ट्या आवळल्या, खाली प्लेट घेतली, कप्पी अडकवली, आकडा दोनदा खाली-वर करून दाखवला आणि कॉफी न घेता निघून गेले. कॉफी नाकारणाऱ्या माणसाच्या कामाबद्दल शंका घ्यावी, असे नंतर विलमीन म्हणाली. नंतर सगळेच म्हणतात.

ग्रादुसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून अनोळखी गाडी पाहिली. शुक्रवारी सकाळी डेर्कने रस्त्यापलीकडे हात केला, तर ग्रादुस आपल्या कोंबड्यांकडे बघत राहिला. दुपारी त्याची बायको डीनी कुंपणापाशी विलमीनला भेटली.

"नीट जेवत नाहीये गं," डीनी म्हणाली. "म्हणतो, मी मेलो असणार. वोल्टरिंकांकडे काम निघतं आणि मला निरोप नाही, याचा दुसरा अर्थ काय?"

शनिवारी सकाळी डेर्कने निळ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाभोवती साखळी घातली आणि कप्पीचा आकडा तिच्यात अडकवला. विलमीन हाताची घडी घालून उभी होती. तेवढ्यात दारात ग्रादुस दिसला. डोक्यावर टोपी, हात खिशात.

"भाड्याचे शेजारी गेले का?" त्याने विचारले.

"ये ना, ग्रादुस. मी येणारच होतो सांगायला..."

"येऊ नकोस. मयत माणसाला भेटायला कोण जातं?" असे म्हणून त्याने वर पाहिले, आणि त्याचा स्वर बदलला. "कप्पी या तुळईला टांगलीस?"

"मग काय आकाशाला टांगू?"

"बटणाला हात लावू नकोस."

त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दांड्याने तुळईवर ठोकले. रिकाम्या पेटीसारखा आवाज आला.

"आत या," डेर्क सवयीने म्हणाला. कोणी हसले नाही.

"ही तुळई नाही बाबा, हा डबा आहे," ग्रादुस म्हणाला. "तू सैन्यात होतास त्या उन्हाळ्यात माळ्यावरचं ओलं गवत पेटलं. आग विझली, पण तुळई जळून मनगटाएवढी उरली. तुझ्या बापाने आणि माझ्या बापाने आत लोखंडी सळई घातली, चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या आणि वरून चुना मारला. चुन्याची बादली मी धरली होती. छप्पर ताणून धरायला तेवढं पुरतं, पण खाली वजन घेणार नाही."

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही?"

"तुझ्या आजीला कळू द्यायचं नव्हतं. गवत वाळल्याशिवाय वर चढवू नका, असं तिने दोनदा बजावलं होतं."

"आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली!"

"सांगून टाक, असं मला कोणी म्हणालं नाही."

त्याने शिडी लावून एक फळी उचकटली. आतून काळ्या कोळशाच्या खपल्या इंजिनावर पडल्या. विलमीनने वर पाहिले, मग डेर्क कुठे उभा आहे ते पाहिले. तो बरोबर तुळईखाली होता.

डेर्कने साखळीतून आकडा सोडवला आणि तो खोक्यावर बसला. "संपलं," तो म्हणाला. "येऊ दे त्या माणसाला. घेऊन जा म्हणावं."

ग्रादुस झाडूचा दांडा न्याहाळत होता.

"विचार," तो शेवटी म्हणाला.

"काय विचारू?"

"काय विचारतात ते तुला ठाऊक आहे. मी आपणहून म्हणणार नाही. तसं करत नाहीत."

डेर्कने मान वर केली. "ग्रादुस, तुळई चढवायची आहे. येशील का?"

"बघतो जमतंय का," ग्रादुस म्हणाला आणि त्याने लगेच खिशातून फोन काढला.

थोड्याच वेळात पाच घरांतली माणसे जमली. ग्रादुसने दूध काढायची जुनी शेड पाडली होती, तिचा लोखंडी गर्डर त्याच्या आवारात गवतात पडून होता. तो त्यांनी ट्रॅक्टरवर घालून आणला. दोन्ही भिंतींना विटांचे भक्कम खांब होतेच. त्यांच्या माथ्यावर लोखंडी प्लेटा बसवून, दोर आणि शिड्या लावून गर्डर वर घेतला. डेर्कला खुर्चीवर बसून हुकूम सोडायची परवानगी होती. ते हुकूम कोणी ऐकत नव्हते.

गर्डर अर्धा वर असताना झुटफेनचा माणूस आला. स्वच्छ बूट घातलेला, ट्रकची किल्ली हातात. "मी लेथ बघायला..." एवढे तो बोलला, तोवर कोणीतरी त्याच्या हातात दोराचे टोक दिले.

"धर आणि सोडू नकोस," ग्रादुस म्हणाला. त्याने धरले.

गर्डर बोल्टांनी आवळला, पाणसळ लावून पाहिली, कप्पी त्याच्यावर चढवली. मग आकड्याला पशुखाद्याची पोती बांधली, इंजिनापेक्षा कितीतरी जड होतील एवढी. ती हवेत लटकत ठेवून सगळे कॉफी प्यायला गेले. परत आले तेव्हा पोती जिथल्या तिथे होती आणि गर्डर तसूभरही वाकला नव्हता.

इंजिनाला साखळी लावली. डेर्कने स्विचसाठी हात पुढे केला, पण तो विलमीनने घेतला. तिने अंगठ्याने बटण दाबले. दोरी ताणली गेली, ट्रॅक्टरचे पुढचे टायर किंचित फुगल्यासारखे वर आले, आणि इंजिन सावकाश आपल्या जागेवरून सुटून हवेत चढले. तिने मध्येच थांबवले. इंजिनाभोवती एक चक्कर मारली. डेर्कची पाठ पाहिली. तो खुर्चीत ताठ बसला होता.

"कुठे ठेवायचं हे?" तिने विचारले.

"टेबलावर."

तिने ते टेबलावर उतरवले आणि झुटफेनच्या माणसाकडे वळली. "माफ करा हं. यातलं काही विकायचं नाही."

"मग मी आलो कशाला?"

"दोर धरायला," ग्रादुस म्हणाला. "छान धरलास."

संध्याकाळी रस्त्यावर गलका ऐकू आला. डीनी आणि शेजारच्या बायका एक शिडी आडवी धरून येत होत्या, आणि शिडीवर पांढऱ्या कपड्यावर हातभराहून लांब बेदाण्यांचा पाव होता. हा पाव आमच्याकडे मूल झाले की शेजारी असाच शिडीवरून घेऊन येतात. वोल्टरिंकांच्या घरी तो तीस वर्षांत आला नव्हता.

"वजन किती भरलं?" डीनीने रीतसर विचारले.

"दोनशे साठ किलो," डेर्क म्हणाला.

"आणि बाळंतीण?"

"खुर्चीत आहे," विलमीन म्हणाली. "उठू देऊ नका."

झुटफेनच्या माणसालाही जाड तुकडा मिळाला, वर लोण्याचा थर. पाव संपल्यावर ग्रादुसने तीच शिडी उचलली, जुन्या तुळईला लावली आणि सकाळी काढलेली फळी जागच्या जागी ठोकायला घेतली.

"आता कशाला ते?" डेर्कने खालून विचारले.

ग्रादुसने तोंडातला खिळा हातात घेतला. "तुझ्या आजीला कळायला नको."