गच्चीवरचं वाळलेलं मटण

अख्ख्या केज तालुक्यात मटण वाळवण्याची अक्कल एकाच माणसाला आहे आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. हे मत अर्थात त्यांचंच, पण ते त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्या आवाजात मांडलं आहे की आता कुणी उलट बोलायच्या फंदात पडत नाही. नवसाच्या कंदुरीचं मटण उरलं की बाकीचे लोक ते फ्रीजमध्ये कोंबतात. साडू त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या काढतात, खडेमीठ आणि हळद चोळतात आणि गच्चीवरच्या तारेवर टांगतात. बारीक मीठ चालत नाही, "ते पोह्यावर टाका." चरबी काढून टाकणाऱ्याला ते दारात उभं करत नाहीत. वारा परळीकडून सुटला की तिथल्या वीजकेंद्रातली कोळशाची राख आपल्याच मटणावर बसायला निघाली आहे अशा खात्रीनं सगळी तार उतरवून ठेवतात. आणि शिजवायचं ते तव्यावरच, तेलाचा थेंब न घालता, सुटेल त्या चरबीत. एकदा मुलानं कुकर सुचवला तर म्हणाले, "कुकरात कावून बे? डाळ हाय का ती?"

यंदा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तुळशीची माळ घातली आणि स्वयंपाकघरात मटण बंद झालं. आता तुम्हीही सोडून द्या, असं सगळ्यांनी समजावलं. साडू उसळले. "माळ तिच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाई! मी कावून सोडू?" त्याच दिवशी त्यांनी गच्चीवर तीन विटांची चूल मांडली, वेगळा तवा आणला आणि आजपासून आपलं जेवण वर, असं जिन्यातून ओरडून घरभर जाहीर केलं.

परवा दुपारी मी गेलो तेव्हा वर चरबी चरचरत होती. साडूंनी दोन ताटं वाढली. "घ्या पाव्हणं, लई झकास झालंय." स्वतः मात्र भाकरीला हात लावेनात. का म्हणून विचारलं तर माझ्यावरच डाफरले, "गरम हाय म्हणून!" मग कठड्यावरून वाकून खाली ओरडले, "बसलीस का न्हाई अजून?"

"बसते की," अक्का खालून म्हणाल्या. "तुमी घ्या."

"मला नको सांगू. तू बस आधी."

उभा संसार या दोघांनी समोरासमोर बसून, भांडत भांडत जेवण्यात घालवला. मला एकदम वाईट वाटलं, दोघांचंही. खाली पाट सरकल्याचा आवाज आला, मग ताट वाजलं. तेव्हा कुठं साडूंनी भाकरी मोडली आणि पार निवलेल्या मटणाबरोबर पहिला घास घेतला.