दोन नंबरचं गियर ऑइल

बाबा बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या गाडीचा तिसरा गियर अडकायला लागला. वैशाली नगरमधल्या मेकॅनिकने गियर ऑइल बदला म्हटलं. बाबा म्हणाले, आधी चाचणी करू. त्यांनी तीन कंपन्यांची ऑइलं आणली. कुठल्या नंबरला कुठलं घातलं, हे फक्त मेकॅनिकला ठाऊक असणार होतं, म्हणजे कुणाचा पूर्वग्रह आड येणार नाही. एकेका ऑइलवर आठवडाभर गाडी चालवायची आणि रविवारी शहराबाहेरच्या चौमूं गावापर्यंत जाऊन यायचं.

परीक्षक होती आई. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती निःपक्षपाती. ती पुढे बसायची, डोळ्यांवर माझी ओढणी, मांडीवर ताट आणि ताटात काठोकाठ भरलेला ताकाचा पेला. गियर बदलताना सांडलेलं ताक मी औषधाच्या झाकणाने मोजून वहीत लिहायची. पाणी चालणार नाही का, असं आईने विचारून पाहिलं होतं. बाबांच्या मते पाणी फार चंचल.

दुसऱ्या रविवारी एका पोलिसाने गाडी थांबवली. डोळे बांधलेली बाई पाहून तो गंभीर झाला. आपल्याला कुठे नेताहेत हे ठाऊक आहे का, असं त्याने आईला विचारलं.

"चौमूं," आई ओढणी न सोडताच म्हणाली. "तीसरे गियर की तकलीफ आज कम है, भैया."

बाबांनी त्याला सगळी पद्धत समजावली. त्याने वही चाळली आणि विचारलं, ताक दर वेळी तेवढंच दाट असतं का?

घरी येऊन बाबांनी दह्यापाण्याचं प्रमाण ठरवलं आणि पहिल्या ऑइलपासून पुन्हा सुरुवात केली.

शेवटी दोन नंबर स्पष्ट जिंकला. आम्ही मेकॅनिककडे गेलो, तर त्याने नंबर खडूने भिंतीवर लिहिले होते आणि दिवाळीसाठी भिंत रंगवून झाली होती. बाबा चिडले नाहीत. नेमकं कुठे लिहिलं होतं, एवढंच विचारून ते बराच वेळ तिथे पाहत राहिले.

मग त्यांना आठवलं, काढलेली ऑइलं नंबर घातलेल्या बाटल्यांतून आमच्या बाल्कनीत होती. दोन नंबरची बाटली त्यांनी आईच्या चक्का बांधायच्या फडक्यातून दोनदा गाळली आणि मेकॅनिककडून परत गाडीत घालून घेतली. आई त्या फडक्याबद्दल दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मात्र बरंच बोलली.

गियर अजून सुरळीत पडतो. आमच्या गाडीत कुठलं ऑइल आहे हे कुणालाच माहीत नाही, असं मेकॅनिक गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतो.