सात मिनिटं पुढे

आमची आत्या जमिनीखालच्या प्रयोगशाळेत चहा करायची. एकोणीस वर्षं केला. तिथे पाण्याची एक अवाढव्य टाकी आहे आणि भली शिकलेली माणसं तिच्याकडे टक लावून बसतात, न्यूट्रिनो नावाचा कण सापडावा म्हणून.

"कसा असतो गं तो?" मी एकदा विचारलं.

"मेला तीन तऱ्हेचा असतो आणि वाटेत तऱ्हा बदलतो. आमच्या ह्यांच्यासारखा. निघतात एक, पोचतात भलतेच. तारा फुटला की सगळे एकदम सुटतात. ज्याला वजन जास्त, तो मागे रेंगाळतो. कोण किती उशिरा आलं ते बघायचं, की वजन कळतं."

उशिराचं आत्याला भारी वावडं. तिथले मोठे साहेब रोज उशिरा यायचे आणि चहा गार व्हायचा. खाली मोबाईल न्यायला बंदी. मग तिने घरच्या स्वयंपाकघरात करते तसंच तिथलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. साहेब ओशाळले आणि दुसऱ्या दिवसापासून धावत यायला लागले. कुणाच्या बापाला पत्ता नाही.

पण ते शहाणे यंत्राचं घड्याळही त्याच्यावरूनच लावायचे.

एके दुपारी तारा फुटला. जगातल्या बाकी टाक्यांत कण एकाच मिनिटाला पोचले, आमच्याकडे सात मिनिटं उशिरा. साहेबांनी गणित मांडलं, तर कणाचं वजन अवाच्या सवा निघालं. वजनकाट्यावर रोज हळहळणाऱ्या आमच्या आईने ऐकलं असतं तर त्या कणाला मिठीच मारली असती. साहेब नाचतच म्हणाले, "संध्याकाळी जगाला सांगतो."

आत्याला आपलं घड्याळ आठवलं. निवृत्तीला चार महिने उरलेले. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर साहेबांची जगभर शोभा होते. आणि माणूस उशिराचा असला तरी भला होता. शेवटी तिने चहाच्या खोलीच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.

"साहेब, घड्याळ मी पुढे केलंय."

साहेबांनी गणिताचा कागद पुढे ओढला. पेन उघडत म्हणाले, "किती?"

"सात मिनिटं."

"नक्की? सहा-आठ नाही ना?"

आता आत्या भडकली. "रोज घरी रेडिओच्या बातम्यांवर मनगटी घड्याळ लावते आणि इथे ताडून बघते मी. माझं मिनिट चुकत नाही."

सात वजा केले, तर जगाशी तंतोतंत जुळलं. कणाचं वजन अगदीच नगण्य, ठरावीक आकड्याच्या वर जाऊच शकत नाही, एवढं पक्कं झालं. साहेबांनी किल्ल्या तिच्याकडे सरकवल्या. यंत्राला वेगळं घड्याळ आलं, भिंतीवरचं बरोबर केलं.

दुसऱ्या दिवशी साहेब सात मिनिटं उशिरा आले. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून काटा पुढे सरकवला, खाली उतरले, घड्याळाकडे पाहिलं आणि दचकून म्हणाले, "बाई, आज मला चहाला उशीर झाला?"