युनूस मिस्त्रीचा कोरा ट्रॅक्टर

कोजागिरी होऊन चारच दिवस झाले होते. पहाटे चादर ओढून घ्यावी एवढा गारवा सुटायचा, पण तो आठ वाजेपर्यंतचा पाहुणा. मग ऊन असं चटकायचं की वावराचा बांध, कालचा ओला धुरा, आज टाचेखाली टोचावा. कामरगावच्या भोवतालच्या वावरांत सोयाबीनच्या गंज्या लागल्या होत्या, थ्रेशर धडधडत होते, आणि त्यांचा उडणारा भुसा माणसांच्या नाकात, चहात अन् युनूस मिस्त्रीच्या ग्रीसच्या डब्यात सारखाच पडत होता.

युनूस त्या वेळी घरामागच्या वर्कशॉपात मारोतरावाच्या ट्रॅक्टरखाली पोत्यावर उताणा पडला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. एका पायात चप्पल, एक पाय बिनचपलेचा. मारोतराव रिकाम्या ऑइलच्या ड्रमवर बसून त्या पायांशीच बोलत होता. त्याच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक कालपासून लटलट हलत होतं आणि गंजी मळायची राहून वावरात तशीच उभी होती.

तेवढ्यात सुलतानबी आली. युनूसची बायको. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे.

"अरीबके अब्बा, बाहेर निंगा."

"काहून? चहा आणला का?"

"माती आणली."

घरातलं बोलणं तसं दखनी हिंदीतलं. पण भांडायचं असलं की सुलतानबी वऱ्हाडीवर यायची. शेजारपाजाऱ्यांना समजलं नाही तर भांडणाला काय अर्थ, असं तिचं मत. युनूस समजला, आज वऱ्हाडी आहे. तो सरपटत बाहेर आला.

तिनं पाने-पकडी ठेवायच्या पेटीवर मातीचा गोळा ठेवला. सोयाबीन निघालेल्या आपल्या सात एकरांत वीतभर उकरून ती तो घेऊन आली होती. मुठीत दाबला की त्याचा लाडू बसत होता. लाडू बसतो तोवर हरभरा पेरता येतो. माती बोटांतून भुरभुर निसटायला लागली की ओल उडाली, मग पेरा नाहीतर नका पेरू.

"चार दिवस," सुलतानबी म्हणाली. "लय झालं त पाच. आज दहा वाजता ते शोरूमवाली मॅडम येऊन राह्यली आपला जुना पाहाले. ते जायच्या आत मले एक नाव पाह्यजे. कोणता ट्रॅक्टर, ते नाव."

"ट्रॅक्टर मंजे काय भाजी हाये का, दहा वाजेपर्यंत सांगाले?"

"भाजीचं नाव काढू नका," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

भाजीचं नाव का काढायचं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या साली याच दिवसांत किसनसिंगच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप बंद पडला. पेरणी अडली म्हणून किसनसिंग तांड्यावरून पायी आला आणि दारात हात जोडून उभा राहिला. युनूसनं मागचापुढचा विचार केला नाही. स्वतःच्या ट्रॅक्टरचा पंप काढला आणि त्याला बसवून दिला. "दोन दिवसांत नवा भेटन, तवा माहा वापस घेतो," म्हणाला. नवा भेटला अकराव्या दिवशी. तोवर गावातलं प्रत्येक वावर पेरून झालं, उगवून दोन-दोन पानांवर आलं, आणि ज्याच्या हातून अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर चालते झाले त्या मिस्त्रीचं सात एकर काळंच्या काळं राहिलं. सुलतानबी तेव्हा भांडली नाही. फक्त ती सबंध थंडी तिनं घरात हरभऱ्याची भाजी शिजवली नाही. उन्हाळा लागल्यावर एक दिवस म्हणाली, "आता घरात कोरा ट्रॅक्टर येईन." अठरा वर्षांपूर्वी घेतलेला जुना तिसऱ्या हातचा होता. कोरा असा या घरात कधी आलाच नव्हता. बाकीची जुळवाजुळव तिनं आणि अरीबनं केली. निवड तेवढी मिस्त्रीवर सोडली. त्याचाच तो धंदा.

आणि तिथंच गाडं रुतलं.

सत्तावीस वर्षं लोक युनूसला विचारत आले होते, युनूसभाई, कोणता घेऊ? विचारणारा फटफटीवरून उतरेपर्यंत युनूसचं उत्तर तयार असायचं. तुझं वावर चढाचं, तू अमका घे. तुझा पोरगा दामटते लय, तू तमका घे. ज्यानं ऐकलं तो सुखी झाला, ज्यानं नाही ऐकलं तो आठवड्यातून दोनदा युनूसच्या दारात दिसू लागला. पण स्वतःसाठी पाहायला निघाला तेव्हा तीन आठवड्यांत कारंज्याच्या चार दुकानांच्या पायऱ्या झिजवून झाल्या, तरी त्याच्या तोंडून होकार निघेना. पहिल्या दुकानातल्याचं बोनेट उघडलं की पाना फिरवायला जागा नव्हती. दुसऱ्याचा पंप सीलबंद. तिसरा आपल्या काळ्या मातीत वजनानं बसेल. चौथ्याला तर त्यानं नुसती प्रदक्षिणा घातली आणि "नाई जमत" म्हणून घरी आला. काय नाही जमत, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अरीब त्याचा पोरगा. पंचविशीचा, शेत पूर्ण त्याच्याच अंगावर. दर वेळी बापाला पाठीमागं बसवून तोच नेत होता. चौथ्या दुकानाहून परत येताना त्यानं गाडी मधेच रस्त्याच्या कडेला थांबवली.

"अब्बा, आपल्या नमराआपाच्या लग्नासाठी पोरगा पाह्यला तवा तुमी अर्ध्या घंट्यात हो म्हणलं होतं."

"पोरगा उघडून पाहाचा नसते, बेटा."

"ट्रॅक्टर बी नसते उघडून पाहाचा! लोक चाबी फिरवते आन घेऊन येते."

"लोक गाढव हायेत म्हून माहं पोट चालते," युनूस म्हणाला होता.

बरोबर दहाला सपना आली. कारंज्याच्या त्या दुसऱ्या दुकानात कामाला होती. स्कूटी लावली, तोंडाचा स्कार्फ सोडला. "नमस्कार काका, नमस्कार काकू. एक्सचेंजसाठी जुना ट्रॅक्टर पाहायचा होता." मोबाईलमध्ये तिची यादी तयार होती. प्रत्येक वस्तूपुढं दोन चौकोन, आहे आणि नाही.

जुना ट्रॅक्टर कडुलिंबाखाली उभा होता. उभा म्हणजे, उभा दिसत होता.

"काका, एकदा चालू करून दाखवता?"

युनूसनं मान खाजवली. "चालू होते तो. फस्कलास होते. सेल्फ तेवढा एका जणानं नेला हाये."

"सेल्फ नाही," सपनानं बोट टेकवलं. "मग ढकलून करू या?"

"ढकलून झाला असता. पण पुढचं एक चाक..."

सपना वाकून पाहायला गेली. चाकाच्या जागी विटांची चळत होती. तिनं पुन्हा बोट टेकवलं.

"हायड्रॉलिक पंप?"

"तो त माह्याजवळ हाये!" ड्रमवरून मारोतराव उत्साहानं म्हणाला. दोघांचे ट्रॅक्टर एकाच जातीचे, जवळपास एकाच वयाचे. "फागणात घेतला होता ना, युनूसभाई? लय चांगला चालून राह्यला."

"डायनामो?"

"तो अनसिंग गावाले गेला," अरीब म्हणाला. त्याला आता मजा यायला लागली होती.

"रेडिएटर?"

"रेडिएटर हाये!" युनूस जोरात म्हणाला. "रेडिएटर जागेवर हाये. लिवा."

सपनानं एक 'आहे' टेकवलं आणि मोबाईल खाली घेतला. पोरगी दुकानात शिकवलेलं पुस्तकी बोलत होती, पण इथं तिचा तोल गेला. "पण काका, मंग हा ट्रॅक्टर हाये कोठी?"

"सहा गावांत," सुलतानबी म्हणाली. "दवंडी देऊन बोलवा, येईन सारा."

मारोतराव खदखदून हसला आणि मग आपल्याकडचा पंप आठवून गप्प बसला. युनूसला मात्र हसू येत नव्हतं. ज्या पोरीला नोझल कशाशी खातात ते माहीत नाही, तिनं आपल्या दारात आपल्याच ट्रॅक्टरवर नाही, नाही, नाही असं बोट टेकवावं! आणि घरच्यांनी थट्टा करावी! अरे, चोरी केली का कोणाची? लोकांच्या पेरण्या केल्या. पण हे बोलून दाखवावं तर सुलतानबी मातीचा गोळा पुढं करणार. तो हातातला पाना घट्ट धरून उभा राहिला.

सपनानं वेळ ओळखली आणि नव्याचं सांगायला घेतलं. पंचेचाळीस एचपी, सहा वर्षं वॉरंटी, काही झालं तर फोन करा, माणूस घरी येणार. "फक्त एक आहे काकू. बाहेरच्या माणसानं पाना लावला, सील तुटलं, तर वॉरंटी गेली."

"बाहेरचा मंजे कोण?" युनूसनं विचारलं.

"म्हणजे कंपनीचा सोडून कोणीपण."

"मी?"

सपनाला कुठं पाहावं कळेना. "काका... तुम्हीसुद्धा."

"सत्तावीस साल!" युनूस असा ओरडला की लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. "सत्तावीस साल झाले मले या धंद्यात! तुह्या कंपनीच्या माणसाले मी बोल्ट धरणं शिकवलं हाये! आन माह्या दारात, माह्या ट्रॅक्टरले, मी बाहेरचा? तो खोकलला त मी फोन लावू? कारंज्याहून लेकरू येईन आन मी त्याले चहा पाजत उभा राहू? नाई पाह्यजे असला ट्रॅक्टर मले! शोभेची गाय हाये का?"

सुलतानबी मात्र दोन पावलं पुढं आली होती. तिचा चेहरा एकदम उजळला होता.

"मॅडम, कितीक जागी सील हाये?"

"पाच-सहा ठिकाणी, काकू."

"अजून लावता येते का?"

अरीबनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला आणि पाठ फिरवली.

आता युनूस कोणाचं ऐकेना. त्यानं एकेक करून सगळी गाऱ्हाणी पुन्हा बाहेर काढली. बोनेट असं, वजन तसं. नवा ट्रॅक्टर म्हणजे डब्यात बंद केलेलं भूत, आतलं काय ते कोणाला दिसत नाही. सुलतानबीनं मधेमधे नुसती माती दाखवायची, त्यानं अजून चिडायचं, असं दहा मिनिटं चाललं. उन्हानं गोळ्याचा वरचा पापुद्रा वाळून पांढरा पडत चालला होता. अखेर तो जमिनीवर उकिडवा बसला, हातातला पाना मातीत आपटत.

मारोतराव साधा माणूस. त्याला वाटलं, भांडण संपलं. तो बराच वेळ एक गोष्ट विचारायची म्हणून थांबला होता.

"युनूसभाई, दिवाळी झाली की आमचा पोरगा भागवत बी नवा घ्याचा म्हून राह्यला. आमी कोणता घ्याचा?"

"पंचेचाळीसचा घे," युनूस मान वर न करता म्हणाला. "दुसऱ्या दुकानातला. या पोरीचा. डोये मिटून घे. सहा साल मिस्त्रीचं तोंड पाहाचं काम नाई."

पाना मातीत आपटायचा थांबला.

सगळे त्याच्याकडं पाहत होते. सपनाचं तोंड उघडंच राहिलं होतं. युनूसला आपलं वाक्य आत्ता ऐकू आलं. सत्तावीस वर्षांची सवय, कोणी विचारलं की तोंडानं आपोआप खरं सांगून टाकायचं.

"ते मारोतरावले सांगतलं," तो घाईनं म्हणाला. "त्याचं वावर अलग हाये."

"धुऱ्याले धुरा लागून हाये आपला," सुलतानबी म्हणाली.

"त्याचा वापर अलग..."

"अरीबके अब्बा." ती आता ओरडत नव्हती. "तो ट्रॅक्टर चांगला हाये का नाई? मिस्त्री म्हून सांगा. माह्या नवऱ्याले नाई पुसून राह्यली मी."

युनूसनं पान्यावरची माती अंगठ्यानं पुसली. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या दुकानात बोनेट वर केल्याबरोबर त्याला समजलं होतं. वायरी जिथल्या तिथं, कुठं घासणार नाहीत अशा. तेलाचा टिपूस नाही. हात घालावा अशी एकही जागा त्याला सापडली नव्हती, आणि म्हणूनच तो तिथून तरातरा बाहेर आला होता.

"चांगला हाये," तो म्हणाला. शिवी दिल्यासारखा.

"लिवा, मॅडम."

"नाव कोणाचं टाकू?"

"सुलतानबी युनूस खान. शनवारी पाह्यजे, पेरणीयंत्र मी बोलून ठेवलं. आन तो मांगं वर्कशॉपात उभा नाई राहाचा. माह्या चुलीसमोर उभा राहीन, मले दिसला पाह्यजे."

जुना एक्सचेंजमध्ये बसत नव्हता, हे सांगताना सपनाला संकोच वाटला. "कोण देऊन राह्यलं तुमाले?" युनूस खेकसला. त्या दिवशी तेवढी एक गोष्ट त्याच्या मनासारखी झाली.

स्कूटी गेली. सुलतानबी घरात गेली आणि आतून ताटल्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा यायला लागला. अरीब दात काढत उभा होता. मारोतराव ड्रमवरून उठला, धोतर झटकलं आणि जरा घुटमळला.

"युनूसभाई, माह्या चाकाचं कसं? गंजी उभी हाये वावरात. आभाळ बी येऊन राह्यलं दुपारून."

"बेरिंग गेलं तुह्यं. चुरा झाला पार. कारंज्याले भेटलं त भेटलं, नाई त वाशीम." युनूसनं लिंबाकडं पाहिलं. जुन्याचं एक पुढचं चाक अजून जागेवर होतं. त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकीत सुलतानबी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, जुन्याकडं पाहिलं, आणि कांदा चिरायला घेतला.

सतराचा पाना पेटीत होता आणि पेटीवर मातीचा गोळा. युनूसनं गोळा उचलला, मुठीत दाबला. बसत होता अजून. तो त्यानं जुन्याच्या सीटवर ठेवला, पाना घेतला, पोतं झटकून लिंबाखाली अंथरलं.

"दात काय काढतं? इटा आन," तो अरीबला म्हणाला आणि चाकाशी आडवा झाला.